उद्याचं काम कुणाच्या भरवशावर?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर गणित शिकवत राहिले आणि पंचांगाच्या गणिताची त्यांना विशेष गोडी होती. माझा पेशा सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहिण्याचा. या दोन गोष्टी जिथे भेटतात असा एक विषय आज मी घेतला आहे. पुढे कधीतरी करायचं काम आज यंत्रावर लावून ठेवायचं असेल, तर ते कसं लावावं? ऐकताना प्रश्न किरकोळ वाटतो. गजराचं घड्याळ शाळकरी मुलालाही लावता येतं. सर्व्हरवर मात्र हाच प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडतो.

उदाहरण रोजच्या व्यवहारातलं घेऊ. ‘अमुक रक्कम तुमच्या कार्डावरून वजा होणार आहे’ असा संदेश तुमच्यापैकी अनेकांना येत असेल. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या वर्गणीसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाला. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. म्हणजे एका हप्त्यामागे दोन कामं आली, आधी कळवणं आणि नंतर कापणं. पहिल्याची वेळ दुसऱ्यावरून ठरते. तुम्ही संमती दिलीत ती कदाचित तीन वर्षांपूर्वी. मधल्या काळात सर्व्हर बदलला, ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो नोकरी सोडून गेला, कंपनीने दुसरी बँक धरली. तरी ठरल्या दिवशी संदेश येतो. हे कुणाच्या लक्षात राहिलं?

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. पुढच्या तारखेचं काम लावणं म्हणजे कुणाला तरी शब्द देणं. तो शब्द ज्या अर्थाने दिला, त्या अर्थानेच लिहून ठेवावा. त्यावरून आज काढलेलं उत्तर तेवढं लिहून ठेवलं, की घोटाळ्याची सुरुवात होते. हे पटवण्यासाठी मी चार प्रश्न घेणार आहे. शब्द लिहिला कुठे? तो पाळायचा कोणत्या घड्याळाने? तो दोनदा पाळला गेला तर काय? आणि वेळ हुकली तर काय?

पहिला प्रश्न, लिहिलं कुठे. नवशिक्या प्रोग्रॅमर चालत्या प्रोग्रॅमलाच सांगतो, ‘इतक्या वेळाने हे कर.’ जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी सेटटाइमआउट नावाची सोय आहे. काही सेकंदांच्या कामाला ती उत्तम. पण ही आठवण प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. नवी आवृत्ती चढवताना प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, की आठवण पुसली गेली. आजकाल अशी चढवाचढव दिवसातून कितीदाही होते. शिवाय या सोयीला एक मर्यादा आहे. मिलिसेकंदांचा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे २४ दिवस, २० तास आणि ३१ मिनिटांहून थोडं अधिक. तुम्ही ३० दिवसांनंतरचं काम सांगितलंत, तर सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोडजेएस तो काळ एक मिलिसेकंद धरतं आणि काम जवळजवळ ताबडतोब उरकून टाकतं. ‘तुमची महिन्याभराची मोफत मुदत संपली’ हा संदेश नाव नोंदवल्याच्या पुढच्याच क्षणी हातात पडतो.

म्हणून काम प्रोग्रॅमच्या बाहेर, टिकाऊ जागी लिहायला हवं. ही समज जुनी आहे. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये, क्रॉन नावाचा कारभारी होता. एका फाइलमध्ये ओळी लिहिलेल्या असत. मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि पुढे करायचं काम. क्रॉन दर मिनिटाला जागा व्हायचा, सगळी फाइल वाचायचा, या मिनिटाचं काही असलं तर करायचा आणि पुन्हा झोपायचा. एका यंत्रावरच्या मोजक्या कामांना एवढं पुरेसं होतं. शेकडो वापरकर्त्यांच्या यंत्रावर मात्र दर मिनिटाला सगळ्यांच्या याद्या चाळणं जड जाऊ लागलं.

यावरचा तोडगा अनपेक्षित दिशेने आला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांच्या वाचनात फ्रांटा आणि माली यांचा १९७७ चा एक लेख आला. विषय होता सिम्युलेशनचा. बँकेतली रांग किंवा कारखान्यातली यंत्रं यांचं नाटक संगणकात चालवायचं, तर ‘यानंतर काय घडणार’ याची यादी वेळेच्या क्रमाने ठेवावी लागते. नाटकातला काळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतो, मधला रिकामा वेळ कुणी मोजत बसत नाही. ब्राउन यांच्या लक्षात आलं, की हीच यादी खऱ्या घड्याळाला जोडली तर क्रॉन तयार होतो. सगळ्यांत जवळचं काम कधी आहे ते पाहायचं आणि तेवढा वेळ सरळ झोपायचं. आजचे बहुतेक शेड्युलर, म्हणजे कामं वेळेवर लावणारे प्रोग्रॅम, मनाने याच कुळातले. लिनक्सवर घराघरांत पोचलेला क्रॉन पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिला.

त्याच वर्षी, १९८७ मध्ये, आणखी एक महत्त्वाचं काम प्रसिद्ध झालं आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. पवईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले जॉर्ज व्हर्गीज आणि त्यांचे सहकारी टोनी लॉक हे दोघे डिजिटल इक्विपमेंट कंपनीत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न लाखो बारक्या टायमरांचा होता. नेटवर्कवर पाठवलेल्या प्रत्येक पाकिटामागे ‘इतक्या वेळात पोच आली नाही तर पुन्हा पाठव’ असा एक टायमर लागतो आणि पोच आली की तो रद्द करावा लागतो. बहुतेक टायमर वाजायच्या आधीच मोडायचे असतात. यादी क्रमाने ठेवायची तर प्रत्येक नवा टायमर योग्य जागी घालण्याचा खर्च यादीबरोबर वाढतो. त्यांनी टायमिंग व्हील सुचवलं. एक गोल, त्याला ठरावीक घरं आणि पुढे सरकणारा काटा. काम ज्या क्षणाचं, त्या घरात टाकून द्यायचं. लांबचं काम असेल तर वरच्या मोठ्या चक्रात टाकायचं आणि वेळ जवळ आली की खालच्या चक्रात उतरवायचं. टायमर लावणं आणि मोडणं, दोन्ही ठरावीक श्रमात होतात, मग टायमर शंभर असोत की दहा लाख. लिनक्सच्या गाभ्यात आणि काफ्का या संदेशवहन व्यवस्थेत हीच कल्पना आजही राबते आहे.

हे झालं वेगाचं. हप्ते, आठवणी, मुदती यांच्या कामात एवढा वेग लागत नाही, तिथे टिकाऊपणा लागतो. त्यामुळे रोजच्या बॅकएंडमध्ये, म्हणजे पडद्यामागे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, साधा मार्ग असतो. डेटाबेसमध्ये एक टेबल, त्यात काम आणि त्याची वेळ, वेळेच्या रकान्यावर इंडेक्स. काही कामकरी प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने विचारतात, वेळ झालेलं काही आहे का? दोघांनी एकच ओळ उचलू नये म्हणून ती कुलूपबंद करतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या आरंभापासून, ‘कुलूप लागलेल्या ओळी सोडून पुढची दे’ असं सांगायची सोय आहे. अनेक संस्थांचं काम एवढ्यावर बिनबोभाट चालतं.

आता दुसरा प्रश्न, घड्याळ कोणतं. संगणकात घड्याळं दोन असतात. एक फक्त पुढे जातं, त्याला तारीख माहीत नसते, किती वेळ गेला एवढंच ते सांगतं. दुसरं भिंतीवरचं घड्याळ, तारीख-वार सांगणारं. ते अधूनमधून दुरुस्त केलं जातं, म्हणून मागेपुढे होऊ शकतं. ‘तीस सेकंद वाट पाहा’ हे पहिल्या घड्याळाचं काम. ‘सोमवारी सकाळी नऊला’ हे दुसऱ्याचं. या दोघांची अदलाबदल झाली की प्रोग्रॅम विचित्र वागू लागतो.

भिंतीवरच्या घड्याळाची आपल्याकडची अडचण साडेपाच तासांच्या फरकाची आहे. जगभरचे सर्व्हर बहुधा युटीसी या जागतिक वेळेवर ठेवतात आणि आपण तिच्यापुढे साडेपाच तास. सर्व्हरवर ‘रात्री बारा’ लिहिलं की काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गोम महिन्याच्या हिशेबात आहे. भारतातल्या एक तारखेचा आरंभ म्हणजे युटीसीनुसार आदल्या दिवशीचे साडेसहा, संध्याकाळचे. तो आदला दिवस कधी २८, कधी २९, कधी ३०, कधी ३१ तारीख. क्रॉनच्या ओळीत ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ लिहायची रीतच मुळात नाही. मग कुणीतरी वैतागून युटीसीची एक तारीख लिहितं आणि हिशेबही त्याच मापाने करतं. एक तारखेला मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार मागच्या महिन्यात जमा होतात. ताळा जुळत नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

दिनांकांचंही तसंच. ३१ जानेवारीला सुरू झालेला मासिक हप्ता फेब्रुवारीत २८ ला पडतो. प्रोग्रॅमने ‘मागची तारीख अधिक एक महिना’ असा हिशेब धरला असेल, तर मार्चमध्येही तो २८ ला पडतो आणि पुढे कायम २८ लाच राहतो. ग्राहकाला शब्द महिनाअखेरचा दिला होता. टेबलात मात्र ‘२८’ हे त्यातून एकदा निघालेलं उत्तर उरलं आणि शब्द हरवला.

देशोदेशींच्या वेळा तर सरकारं बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजले की घड्याळ तीनवर नेतात, त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनचं पुन्हा एक करतात, त्या दिवशी दीड दोनदा वाजतो. सामोआ या बेटांच्या देशाने तारीखरेषेची बाजू बदलली तेव्हा २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच त्यांच्याकडे उगवला नाही. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ जवळजवळ सगळ्या देशातून काढून टाकली. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने अगदी दोन-तीन दिवस आधी सांगितलं, की घड्याळं यंदा रमजाननंतर पुढे करू. काही संस्थांनी ते मानलं नाही, एकाच देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला.

आपणही यातून सुटलेलो नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ शहरात पुढे अनेक वर्षं चालू होती. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे होती. जगातल्या अशा सगळ्या बदलांची नोंद एका सार्वजनिक कोशात ठेवली जाते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला, पुढे पॉल एगर्ट त्याचे संपादक झाले. जवळपास प्रत्येक मोबाइल आणि सर्व्हर त्याच्यावर विसंबून असतो. पण कोश झालेले आणि जाहीर केलेले बदल सांगेल. पुढच्या वर्षी एखादा मंत्री काय ठरवेल, ते त्यात कुठून असणार?

म्हणून न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधली सकाळी नऊची वेळ दिली असेल, तर टेबलात ‘सकाळी नऊ, न्यूयॉर्क’ असंच लिहावं. त्याचं युटीसी आज काढून तेवढंच ठेवलं आणि मध्ये कायदा बदलला, तर पुण्याहून व्हिडिओवर जोडला जाणारा रुग्ण तासभर आधी किंवा उशिरा येईल. झालेल्या घटनेसाठी युटीसी योग्य. व्हायच्या घटनेसाठी ठिकाण आणि तिथली वेळ मूळ धरावी, युटीसी फक्त सोयीसाठी बाजूला ठेवावं आणि कोश बदलला की ते पुन्हा काढावं.

न उगवणाऱ्या आणि दोनदा उगवणाऱ्या वेळेचं कोडं प्रोग्रॅमरांना नवं वाटतं. पंचांग पाहणाऱ्याला ते ओळखीचं आहे. एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आधी संपणारी तिथी क्षयतिथी, दोन सूर्योदयांना स्पर्श करणारी वृद्धितिथी. अशा वेळी व्रत कधी करायचं, हे आपल्या निर्णयग्रंथांनी आधीच ठरवून ठेवलं. १६१२ चा कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरचा ‘धर्मसिंधु’ हे त्यांतले प्रसिद्ध. त्यांची दृष्टी मला फार शिकवणारी वाटते. सगळ्या व्रतांना एकच नियम त्यांनी लावला नाही. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी पाहायची, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची अमावास्या, महाशिवरात्रीला मध्यरात्रीची चतुर्दशी. कृत्याचा अर्थ काय, त्यावरून वेळेचा नियम. तरीही २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर देशात मतभेद झालेच. पण तो मतभेद महिनोन्‌महिने आधी, उघडपणे झाला. पहाटे अडीचला बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसून कुणाला तो सोडवावा लागला नाही. डेबियन लिनक्सवरच्या क्रॉनच्या माहितीपत्रकातही असा निर्णय आधीच छापलेला आहे. घड्याळ तीन तासांहून कमी पुढे गेलं तर ठरावीक वेळेचं राहून गेलेलं काम लगेच करायचं, मागे आलं तर पुन्हा करायचं नाही.

तिसरा प्रश्न, दोनदा झालं तर? कामकरी प्रोग्रॅमने बँकेला हप्ता कापायला सांगितलं आणि ‘झालं’ असं लिहिण्याआधीच तो कोसळला. दुसरा उठतो, पाहतो तर काम शिल्लक. त्याने केलं तर हप्ता दोनदा कापला जाईल, नाही केलं तर कदाचित कापलाच गेला नसेल. दोन यंत्रं आणि मध्ये बेभरवशाचं जाळं असलं, की काम ‘नेमकं एकदाच’ होईल अशी हमी निव्वळ शेड्युलरला देता येत नाही. त्याच्या हाती दोनच पर्याय राहतात, किमान एकदा किंवा जास्तीत जास्त एकदा. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या क्रॉनविषयी २०१६ च्या पुस्तकात लिहिलं आहे, की शंका आली तर आम्ही दोनदा चालवण्यापेक्षा एकदा चुकवणं पत्करतो. राहिलेलं काम नंतर करता येतं, दोनदा गेलेलं पत्र परत आणता येत नाही.

पैशांच्या कामात यावरचा मार्ग म्हणजे प्रत्येक कामाला ओळखक्रमांक देणं आणि घेणाऱ्यानेच ‘हे मी आधी केलंय’ असं ओळखणं. इथेही अर्थ महत्त्वाचा. प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक दिला तर काहीच साधत नाही. क्रमांक ‘या ग्राहकाच्या संमतीचा जून महिन्याचा हप्ता’ यावरून बनायला हवा. मग दहा वेळा सांगितलं तरी जूनचा हप्ता एकदाच कापला जातो.

चौथा प्रश्न, वेळ हुकली तर? रात्री दोन ते चार सर्व्हर बंद होता. चारला तो उठला. मधली कामं करायची का? दर दहा मिनिटांनी घ्यायचा बॅकअप बारा वेळा हुकला असेल तर एकदा घेतला की पुरे. बारा ग्राहकांच्या पावत्या राहिल्या असतील तर बाराच्या बारा पाठवायला हव्यात. साडेतीनला सुटणाऱ्या गाडीची आठवण चारला पाठवली तर आपली शोभा होईल. म्हणजे वेळेबरोबर ‘कधीपर्यंत उपयोगाचं’ हेही लिहायला हवं. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कुबर्नेटीस या व्यवस्थेत त्यासाठी वेगळा रकाना आहे. तिच्या जुन्या आवृत्त्यांत तो रिकामा ठेवला आणि शंभराहून अधिक वेळा हुकल्या, तर ती काम सुरूच करत नसे, फक्त चूक नोंदवत असे. बहुतेकांना हे तो दिवस उजाडल्यावरच कळायचं.

याच प्रश्नाला जोडून गर्दीचा मुद्दा. प्रत्येक प्रोग्रॅमरला रात्रीचे बारा प्रिय असतात आणि बाराच्या ठोक्याला सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. ज्या कामाला नेमका क्षण महत्त्वाचा नाही ते थोडं इकडेतिकडे पसरावं, ग्राहकाच्या क्रमांकावरून मिनिट ठरवावं. जिथे क्षणच शब्दाचा भाग आहे, तिथे ही पळवाट नाही. रेल्वेची तत्काळ आरक्षणं वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला उघडतात. तिथे कुणाला ‘तुमचे दहा, दहा वाजून सात मिनिटांनी’ असं म्हणता येणार नाही. ती गर्दी पेलण्याचीच तयारी करावी लागते.

हे सगळं प्रोग्रॅमरांचं घरगुती दुखणं आहे, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. ३२ बिटांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणालींचा आकडा मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला त्या १९०१ सालात जातात. २०३८ लांब वाटतं, पण २०१९ मध्ये वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या माणसाचे शेवटचे हप्ते त्याच्या पलीकडे आहेत. आकडा मोठ्या रकान्यात ठेवणं सोपं, नव्या प्रणालींनी ते केलंही आहे. पण त्या जुन्या रकान्यातल्या सेकंदांचा मूळ अर्थ ‘दर महिन्याच्या पाच तारखेला, सुटी असली तर दुसऱ्या दिवशी’ असा होता की आणखी काही, हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर दुरुस्त करणारा काय करेल? सुटीचे नियमही बदलतात. नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउसची व्यवस्था पूर्वी बँकेच्या कामाच्या दिवशीच चाले. १ ऑगस्ट २०२१ पासून ती रोज चालू लागली आणि रविवारीही हप्ते कापले जाऊ लागले. ज्यांनी नियम लिहून ठेवला होता त्यांनी तो एका जागी बदलला. ज्यांनी पुढच्या तारखा काढून ठेवल्या होत्या त्यांना सगळ्या ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या असणार.

म्हणून माझी विनंती प्रोग्रॅमरांइतकीच पतसंस्थांच्या, शाळांच्या आणि रुग्णालयांच्या पदाधिकाऱ्यांना आहे. तारखेवर चालणारं सॉफ्टवेअर विकत घेताना पडद्याचे रंग नंतर पाहा. आधी हे चार प्रश्न विचारा आणि करारावर सही करण्यापूर्वी उत्तरं लेखी घ्या. हप्ता राहिला तर दुसऱ्या दिवशी कापायचा की ग्राहकाला विचारून, हे तुमच्या सभेत ठरायला हवं. तिथे ते ठरलं नाही, तर पहाटे तीन वाजता एखादा थकलेला प्रोग्रॅमर ते तुमच्यासाठी ठरवून टाकेल आणि सभासदांना उत्तरं मात्र तुम्हालाच द्यावी लागतील.